खाई त्याला खवखवे, चिरी त्यालाही

मानवी जिभेला हाड नसते. त्यामुळे तिला होणाऱ्या इजा मोडण्याच्या नसतात. भाजण्याच्या, टोचण्याच्या, सोलवटण्याच्या आणि दातांखाली सापडण्याच्या असतात. मराठीने यांतल्या प्रत्येकीसाठी वेगळे क्रियापद राखून ठेवले आहे. मिरची झोंबते, चहा पोळतो, मीठ चरचरते, सुरण खाजतो, अळू खवखवते. क्रियापद चुकले की उपचारही चुकतो. पोळलेल्या जिभेवर चिंच आणि खवखवणाऱ्या घशात कढत पाणी, असे उलटे प्रयोग बऱ्याच घरांत पार पडलेले आहेत.

रायगडच्या किनाऱ्यावर, म्हणजे उरणपासून अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत थेट श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत, यांपैकी एकाही क्रियापदाला बेकारी ठाऊक नाही. जूनमध्ये शेवळं, भाद्रपदात अळू, थंडीत पोपटी, उन्हाळ्यात कैरी. चहा आणि मुंबई-गोवा महामार्ग बारमाही.

कारणांकडे वळण्याआधी या अवयवाचा एक स्वभाव नोंदवायला हवा. एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारी जीभ इजा झाली की गप्प बसते. पंगतीत शेजारच्याला विचारावे, "काय झालं?" तर उत्तर येते, "कुठं काय?" डोळ्यांत मात्र पाणी तरारलेले असते. या मौनामागे एक म्हण आहे: खाई त्याला खवखवे. ज्याने चोरून खाल्ले त्याच्याच घशात खवखव होते, म्हणजे अपराधी आपोआप उघडा पडतो, असा तिचा अर्थ. तेव्हा "मला खवखवतंय" असे चारचौघांत म्हणणे हा जवळजवळ कबुलीजबाबच. त्यापेक्षा माणूस आणखी थोडी भाजी वाढून घेतो.

या म्हणीतली खवखव मुळात अळू-सुरणाची. अळू, सुरण आणि शेवळं ही एकाच कुळातली मंडळी. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक जुडग्याजुडग्यांनी ठासून भरलेले असतात. चावले की पेशी फुटते, सुया सुटतात आणि जीभ, टाळू, घसा, वाटेत जे लागेल त्यात रुततात. वनस्पतीने हा बंदोबस्त गुराढोरांसाठी केला होता. गुरांनी एकदा तोंड लावले आणि विषय संपवला. माणसाने तेच पान घेऊन त्यात हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे आणि गूळ घातला, त्याला फदफदं असे नाव दिले आणि लग्नाच्या पंगतीत वाढले.

कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे नुसते उकळून भागत नाही. भरपूर शिजवल्याने सुयांच्या जोडीला असलेली खाजरी प्रथिने निकामी होतात आणि चिंच, आमसूल, चुका किंवा ताक यांच्या आंबटपणाने उरलेला जोर मोडतो. ही माहिती किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात आहे. तरीही दरवर्षी प्रत्येक घरात निदान एकदा भाजी खाजते, कारण माहिती सगळ्यांना असली तरी चिंच कोणीतरी एकाने घालायची असते.

बाजारातला संवाद ठरलेला आहे.

"मावशी, अळू खाजरं नाही ना?"

"नाय गो बाय, आमी घरी तेच खातो."

या उत्तरात भाजी खाजत नाही असे कुठेही म्हटलेले नाही, हे गिऱ्हाइकाच्या लक्षात घरी गेल्यावर येते. वडीच्या अळूचा देठ काळपट आणि भाजीच्या अळूचा हिरवट, इतके ज्ञान घेऊन निघालेले गृहस्थ दोन्ही जुड्या एकाच पिशवीत कोंबतात आणि घरी पोचेपर्यंत कोणती कुठली ते विसरतात. मग वडीच्या पानांचे फदफदं होते, भाजीच्या पानांच्या वड्या होतात आणि न्याय सर्वांना समान मिळतो.

सुरण चिरणे हे स्वतंत्र शास्त्र. हाताला तेल किंवा चिंचेचा कोळ चोळावा, हात कोरडे असावेत, साल जाड काढावी. हे सगळे नीट पाळणाऱ्याच्या नाकाच्या शेंड्याला नेमकी त्याच वेळी खाज सुटते. तेल लावलेला हात नाकाकडे जातो. नाकाला तेल लावलेले नसते. म्हणीत फक्त खाणाऱ्याचा उल्लेख आहे, यावरून म्हण तयार करणारा स्वयंपाकघरात फारसा जात नसावा.

या कुळातला खरा वस्ताद म्हणजे शेवळं, सुरणाचे रानातले भावंड. पावसाचे पहिले शिंतोडे पडले की जंगलात पानाआधी याच्या फुलाचा दांडाच जमिनीतून वर येतो. ठाकर आणि कातकरी बायका त्याच्या जुड्या बांधून पेण, पनवेल, अलिबागच्या बाजारात आणतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा. कायस्थ प्रभूंच्या घरांत शेवळं हा भाजीपेक्षा प्रतिष्ठेचा विषय असतो. कोलंबी किंवा खिमा घालून केलेली शेवळं यंदा खाल्ली की नाही, यावर माणसाचा जून कसा गेला ते ठरते. साफ करताना बाहेरचे आवरण आणि आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा. तो ठेवला तर पुढचा अर्धा दिवस घरात कोणी बोलत नाही.

शेवळांच्या शेजारी त्याच टोपलीत हिरव्या, आंबट फळांचे वाटे असतात. ती काकडं. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की खाज मोडते. निसर्गाने विष आणि उतारा एकाच मोसमात, एकाच रानात आणि बायांनी एकाच टोपलीत ठेवला आहे. इतकी सोय असूनही अपघात होतो तो असा. शनिवार-रविवारला आलेले पाहुणे गाडी थांबवतात.

"ही काय भाजी?"

"शेवळं. ही काकडं पन न्या दादा, नायतर खाजंल."

"नको, आम्हाला आंबट आवडत नाही."

बाई त्यांच्याकडे काही क्षण बघत राहते. "अलिबाग से आया क्या?" या समोरच्याला खुळ्यात काढणाऱ्या, मुंबईकरांच्या लाडक्या प्रश्नावर बंदी यावी म्हणून २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती, विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नये, असे सांगून न्यायालयाने ती फेटाळली. टोपलीमागची बाई तोच प्रश्न उलट्या दिशेने, गावाचे नाव बदलून विचारू शकली असती. ती तसे करत नाही. ती फक्त सुट्टे पैसे परत देते. त्या रात्री मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये पाच माणसे फ्रिजचे दार उघडे ठेवून, जिभा बाहेर काढून रांगेत उभी राहतात.

भाद्रपद शुद्ध पंचमीला, म्हणजे गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, हा विषय सामुदायिक पातळीवर जातो. ऋषिपंचमीची भाजी बैलाच्या कष्टाशिवाय पिकलेल्या भाज्यांची. अळू, सुरण, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, भोपळा, मक्याचे कणीस असे सगळे एका पातेल्यात. मसाल्याची लपवाछपवी नाही. मुंबई-ठाण्याहून आलेल्या सुना, माहेरवाशिणी, आत्या आणि मावश्या मिळून सात-आठ बायका चिरायला बसतात. एवढ्या जणी असल्या की चिंचेचे काय होते, हे प्रस्तुत लेखकाने तीन निरनिराळ्या घरांत पाहिले आहे. थोरल्या जाऊबाई समजतात की धाकटीने घातली. धाकटीला वाटते, वन्संनी घातली. वन्सं माहेरी आलेल्या, त्यांनी पातेल्याकडे बघितलेलेही नसते. आत्याबाईंनी एकदा विचारलेले असते, "आंबट घातलं का गं?" आणि त्यावर चौघींनी एकदम "हो" म्हटलेले असते, कारण प्रत्येकीला दुसरीची खात्री होती.

पंगत बसते. पहिल्या घासाला शांतता. दुसऱ्या घासाला काकांनी हलकेच खाकरून घशाशी काहीतरी जुळवून बघितले. तिसऱ्या घासाला पंगतीत चार ठिकाणी खाकरणे सुरू झाले. कॉलेजातला पुतण्या, ज्याला ती म्हण माहीत नव्हती, मोठ्याने म्हणाला, "खाजतंय."

"तुझीच जीभ नाजूक. मुंबईचं पाणी!"

"तू वर पाणी पितोस ना, म्हणून."

"मनाचे खेळ असतात. मला नाही खाजत," असे ज्या आजोबांनी सांगितले त्यांनी बोलता बोलता आमसुलाचा तुकडा गालात सरकवला होता. संध्याकाळच्या आरतीला घरात वीस माणसे आणि तीन आवाज होते. टाळ मात्र दरवर्षीपेक्षा जोरात वाजले. या प्रसंगी करायचा उपाय सोपा असतो: आमसूल किंवा चिंच चोखावी, दही किंवा ताक घ्यावे, वर थोडा गूळ. खाज तासा-दोन तासांत उतरते. जीभ किंवा ओठ सुजले, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागले तर मात्र आमसुलाच्या भरवशावर न राहता दवाखाना गाठायचा.

दुसरे मोठे कारण उष्णतेचे. जिभेतल्या वेदना कळवणाऱ्या चेतातंतूंवर एक ग्राही असतो; तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो उघडतो आणि मेंदूला जळाल्याची बातमी पोचवतो. उकडीचा मोदक या यंत्रणेला फसवण्यासाठीच रचलेला दिसतो. बाहेरची पारी निवलेली, बोटाला कोमट लागते. आतले गूळ-खोबऱ्याचे सारण ओले, चिकट आणि उष्णता धरून बसलेले. वर तूप. खाणारा विश्वासाने अर्धा मोदक तोंडात टाकतो, सारण जिभेला चिकटते आणि तिथेच बसते. थुंकावे तर प्रसाद, गिळावे तर अन्ननलिका. अशा वेळी माणूस तोंड वर करून हा-हा-हू असा जो ध्वनी काढतो त्याला यजमान दाद समजतात. "आणखी एक वाढा हो त्यांना!"

थंडीतली पोपटी याच जातीची, फक्त उघड्यावरची. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा पाला, आत वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मग मडके उपडे घालून भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. झाले की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचे थेंब मारतात, ते चर्रकन उडाले की समजायचे. मडक्याची अशी काळजीपूर्वक परीक्षा घेणारी मंडळी शेंगेची अजिबात घेत नाहीत. वालाची शेंग म्हणजे आत वाफ कोंडलेली बंद पिशवी. ती दातांनी फोडली की वाफ एकाच दिशेला जाते. शेतात अंधार असल्यामुळे कोणाचे कसे तोंड झाले ते दिसत नाही, हाच पोपटीचा मोठा गुण. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. पहिली शेंग पोळल्यावर दुसरी फुंकून खाणारा माणूस अलिबाग तालुक्यात अजून नोंदला गेलेला नाही.

चहाने पोळणे एसटीच्या वेळापत्रकाशी निगडित आहे. "गाडी दहा मिनिटं थांबेल," असे वाहक सांगतो. त्यातली चार मिनिटे उतरण्यात, तीन सुट्ट्या पैशांत जातात आणि चहा हातात पडतो तेव्हा चालक स्टिअरिंगवर बसलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून कढत पेये बहुधा अन्ननलिकेच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतात, असे जाहीर केले. वडखळ नाक्यावरच्या कपात थर्मामीटर बुडवण्याइतका वेळ कोणाकडेच नसतो. पूर्वी बशी होती. बशीत ओतलेला चहा पसरतो, पटकन निवतो आणि फुर्र करून पिता येतो. सुशिक्षितांना त्या आवाजाची लाज वाटू लागली आणि नंतर कागदी कप आला, ज्याला बशीच नसते. पोळलेल्या जिभेवर लगेच गार पाणी किंवा बर्फाचा खडा, मग थंड दूध किंवा साजूक तूप, आणि दोन-तीन दिवस तिखट-मीठ बेताने, एवढे पुरते. चवीच्या कळ्या साधारण दहा दिवसांत नव्या होतात. चहावाला तेवढ्यात विसरलेला असतो, जीभही.

मिरचीचा दाह हा खरे तर भाजणे नव्हेच. मिरचीतले कॅप्सेसिन त्या ४३ अंशांच्या ग्राहीलाच जाऊन चिकटते आणि काहीही गरम नसताना घंटा वाजवते. ही लबाडी उलगडणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. आगरी-कोळी मसाला कुटणाऱ्या बायांना लबाडी आधीपासून माहीत होती, ग्राही तेवढा नव्हता.

किनाऱ्यावरच्या खाणावळीत "तिखट नाही ना?" हा प्रश्न रोज विचारला जातो.

"नाय हो, एकदम कमी. आमची पोरं पन खातात."

पोरे खातात हे खरे असते. ती पोरे तिथली असतात. पर्यटकाचा पहिला घास जातो, कानांमागे घाम येतो, आणि तो शास्त्राला सर्वात अमान्य असलेली गोष्ट करतो: पाणी पितो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे जे जिभेच्या टोकाला होते ते पाण्याबरोबर साऱ्या तोंडाची प्रदक्षिणा घालून येते. दुसरा तांब्या, तिसरा तांब्या. शेजारी वाटीत सोलकढी तशीच राहिलेली. दुधातले केसीन हे प्रथिन कॅप्सेसिनला धरून नेते, स्निग्धांशात ते विरघळते. दूध, दही, साखर-गूळ, नुसता भात, नारळाच्या दुधाची सोलकढी, सगळे पाण्याहून बरे. पाहुण्याला अखेर कोणीतरी सोलकढी सुचवते. तो ती एका दमात पितो. त्यात दोन हिरव्या मिरच्या आणि चार लसणाच्या पाकळ्या वाटून घातलेल्या असतात.

हाच पाहुणा जाताना रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ विकत घेतो. हा कांदा गोडसर, न झोंबणारा, डोळ्यांत पाणी न आणणारा. याच गुणांसाठी त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आठवड्याने त्याचा अभिप्राय येतो: "कांद्यात दम नाही."

आंबट फळांविषयी थोडक्यात. चिंच, कैरी, आवळा, करवंद यांनी आधी दात आंबतात, मग जीभ सोलवटते. पोरे त्यावर तिखट-मीठ लावून तिसरीही सोय करतात. किनाऱ्यावर मीठ-मसाला लावून मिळणारे अननसाचे काप वेगळ्या कारणाने चरचरतात: त्यात ब्रोमेलेन नावाचे प्रथिने पचवणारे द्रव्य असते, म्हणजे माणूस अननस खात असताना अननसही जमेल तेवढा माणूस खात असतो. कैरी देठाकडून दातांनी सोलणाऱ्यांच्या ओठांना चिकाने फोड येतात. कच्ची काजूची बी दातांनी फोडणाऱ्यांना त्याहून मोठे. "दातांनी फोडू नको" हे वाक्य प्रत्येक मे महिन्यात प्रत्येक अंगणात ऐकू येते आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी ओठांवर दिसतो.

चुना हा लग्नसराईतला अपघात. विड्याचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, चांगलाच दाहक. कात आणि सुपारीच्या सोबतीत, नखावर मावेल इतकाच सोसतो. एरवी हिशेबाने चुना लावणारा पानवाला लग्नात तीनशे विडे एका तासात बांधतो आणि त्याचे बोट थकते. विडा तोंडात गेल्यावर जीभ भाजते, पण समोर व्याही बसलेले असतात आणि त्यांनी नुकतेच विचारलेले असते, "पान कसं आहे?" चुना लागल्याची तक्रार व्याह्यांकडे करणे मराठीत शक्यच नाही, वाक्याचा दुसराच अर्थ होतो. खूप चुळा भराव्यात, चोळू नये, मग खोबऱ्याचा तुकडा चावावा किंवा तूप लावावे.

सुपारीचे दोन प्रकारचे त्रास आहेत. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे आणि तिचा एखादा तुकडा कधीतरी "लागतो": छाती भरते, कानशिले तापतात, दरदरून घाम फुटतो. लागलेला माणूस मीठ, गार पाणी आणि वारा घेऊन दहा-पंधरा मिनिटांत माणसांत येतो आणि सुपारीलाच शिव्या देत दुसरी कातरतो. दुसरा त्रास सावकाश येतो. वर्षानुवर्षे सुपारी, मावा, गुटखा चघळणाऱ्यांच्या गालाची आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही. या दुखण्याची सुरुवात बहुधा साध्या तिखटाने तोंड जळण्याने होते. त्यामुळे पहिली तक्रार दंतवैद्याकडे न जाता स्वयंपाकघरात जाते. "हल्ली फार तिखट करतेस." बाई मसाला निम्म्यावर आणते. "अजून तिखट आहे." बाई मिरच्या बदलते, गिरणी बदलते, शेवटी भाजीत गूळ घालते. सुपारीची डबी आपल्या जागी असते.

मासळीत जिभेला टोचणारे मुख्यतः काटे, आणि काट्याचे दुखणे इथे आजार समजले जात नाही. मात्र बांगडा किंवा कुपा खाताना जिभेवर मिरीसारखी चुणचुण जाणवली तर ती मसाल्याची असेलच असे नाही. बर्फावर न ठेवलेल्या अशा माशांत जिवाणू हिस्टामीन तयार करतात. ते शिजवून वा तळून जात नाही. तासाभरात चेहरा लाल होतो, डोके ठणकते, अंगावर पित्त उठते. जेवणारा मात्र पहिल्या घासाला म्हणतो, "वा! आज मसाला जमलाय." ज्या दिवशी मसाल्याची अशी अवचित स्तुती होते त्या दिवशी ताट बाजूला सारावे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा सुके बोंबील आणि सुकट यांच्या खारटपणाने जीभ सोलवटते, पण ते आपण होऊन मागून घेतलेले असते.

जीभ चावण्याची कारणे दोन: घाईने बोलत जेवणे आणि मुंबई-गोवा, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६. पनवेल ते इंदापूर (हे माणगाव तालुक्यातले, पुण्याचे नव्हे) या ८४ किलोमीटरचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. त्यानंतर या रस्त्यावरून वडापाव खात गेलेल्या माणसाने जीभ चावली नसेल तर एक तर त्याने वडा हातातच धरून ठेवला किंवा गाडी उभी होती. जीभ चावली की कोणीतरी शिव्या देत असते, असा समज आहे. या रस्त्यावर तो उलटा लागू होतो: आधी जीभ चावते, मग शिव्या दिल्या जातात. रक्त आले तर स्वच्छ फडक्याने दाबावे, बर्फ लावावा. बहुतेक जखमा टाक्याशिवाय भरतात, कारण तोंडाची आतली त्वचा अंगावरच्या त्वचेहून लवकर जुळते. पुढच्या खड्ड्यापर्यंत.

आता तोंड येणे. आतापर्यंतच्या सर्व इजांत गप्प राहिलेले घर इथे एकदम बोलू लागते, कारण तोंड आलेला माणूस अपराधी नसून रोगी असतो आणि रोग्यावर हक्क सर्वांचा. पांढरट मध्य आणि लाल कड असलेला एक छोटा व्रण जिभेच्या कडेला उमटतो. कारणे पुष्कळ: जागरण, ताण, दाताची धारदार कड, ब-१२, फॉलिक आम्ल किंवा लोहाची कमतरता, काहींना टूथपेस्टमधले फेसाचे द्रव्यही बाधते. घराचे निदान मात्र एकच.

"उष्णता झालीय."

"पोट साफ आहे का?"

दुसरा प्रश्न वडीलधारे मोठ्या आवाजात, शक्यतो पाहुण्यांसमोर विचारतात. खोटे बोलले की जिभेवर पुटकुळी येते असेही एक मत असते आणि ते मांडणारा रोग्याकडे जरा रोखून बघतो.

एका गृहस्थांचा अशा व्रणाबरोबरचा दिवस येणेप्रमाणे. सकाळी आईने जाईचा पाला चावायला दिला. नऊला शेजारच्या काकूंनी कोवळी तोंडली. दहाला कचेरीत शिपाईमामांनी पेरूची पाने. ती खिशात राहिली. अकराला एका सहकाऱ्याने तुरटी फिरवायला सांगितली, आणि ती व्रणावर फिरवल्यावर गृहस्थ बाराव्या मिनिटाला कचेरीच्या गच्चीवर आढळले. दुपारी मिठाच्या गुळण्या. चारला औषधाच्या दुकानातून बी कॉम्प्लेक्स. संध्याकाळी मध-हळद, ज्यामुळे व्रण तसाच राहून उशीचा अभ्रा पिवळा झाला. रात्री गुलकंद आणि सब्जा. झोपताना तूप. असे व्रण बहुधा आठ-दहा दिवसांत आपोआप बरे होतात. हाही झाला. त्याचे श्रेय आजतागायत नऊ जण घेत आहेत आणि त्यांतले दोन परस्परांशी बोलत नाहीत. जिभेला निववायला यांतले तूप, मिठाच्या सौम्य गुळण्या आणि थंड दूध खरोखर चांगले. तुरटीचा मात्र एवढाच उपयोग, की व्रण कुठे आहे ते नक्की कळते.

काहींच्या जिभेवर लाल पट्टे आणि पांढऱ्या कडा असा नकाशाच उमटतो आणि तो जागा बदलतो. आज मुरूड, परवा श्रीवर्धन. याला भौगोलिक जीभच म्हणतात. ती निरुपद्रवी असते, आंबट-तिखटाने फक्त चुणचुणते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात ती पहिल्यांदा पाहणाऱ्याची रात्र मात्र वाईट जाते. कवळी रात्रीही काढत नसलेल्या आजोबांना आणि दम्याचा पंप घेऊन चूळ न भरणाऱ्यांना जिभेवर बुरशीचा पांढरा थर येतो. चूळ भरणे हा त्यावरचा सर्वात स्वस्त उपाय. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या काही बायकांची जीभ दिसायला ठणठणीत असून दिवसभर जळते. हे दुखणे खरे असते, आणि "काही दिसत तर नाही" असे सांगून घरचे ते आणखी वाढवतात.

दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, यांपैकी काही असेल तर घरगुती मंडळाची सभा बरखास्त करून दंतवैद्याकडे जावे. तंबाखू, मिश्री, सुपारीवाल्यांनी तर दोन आठवडेही थांबू नये. दंतवैद्य तीन बोटे उभी धरून तोंडात मावतात का पाहतो, टोकदार दात घासतो, रक्त तपासायला सांगतो आणि कागदावर लिहून देतो: तिखट, आंबट, कढत, सुपारी, सर्व बंद.

"मग खायचं काय, डॉक्टर?"

"दहीभात. गार."

घरी दहीभात कालवला गेला. नुसता पांढराफटक कसा वाढायचा म्हणून त्यावर कढत तेलात दोन हिरव्या मिरच्यांची फोडणी देण्यात आली.